माझा सत्कार आणि भाताचे चार ठोंब

मी बोलतोय. शाळेतला टीव्ही. तुम्ही म्हणाल, टीव्ही बोलतो यात नवल ते काय, घरोघरी तेच चाललेलं असतं. खरं आहे. पण आजवर मी जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्या त्यांच्या, भांडणं त्यांची, रडणंही त्यांचंच. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय. त्यात थोडा मीठमसाला पडेल, तेवढा चालवून घ्या. माझं बालपण लोणावळ्यात गेलं. तिथे गटारावर दोन दगड रचले तरी त्याला पॉइंट म्हणतात.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर लिहिलेलं आहे, आणि स्वतःची पाठ कुणाला वाचता येते? खोक्यातून बाहेर आलो तो थेट एका बंगल्याच्या भिंतीवर. मालक पुण्यात राहायचे, बंगला शनिवार-रविवार भाड्याने जायचा. लोक घाटात गाडीत बसून बसून आंबायचे, धबधबा बघायला म्हणून यायचे, आणि दारं लावून माझ्यावर धबधबा बघायचे. एकदा माझ्यावर असा पाऊस लागला की सोफ्यावरच्या एका गृहस्थांनी छत्री उघडली. खोटं वाटत असेल तर तिथला राखणदार भिमाजी याला विचारा. छत्री वाळत घालायला त्यानेच नेली होती, आणि ती चांगली निथळत होती असं तो आजही सांगतो.

मग मालकांनी भिंतीएवढा नवा टीव्ही आणला. भंगारवाल्याने मला बघून तोंड वाकडं केलं, तेव्हा मालकांच्या मनात शिक्षणाविषयी कळवळा दाटून आला.

अशा रीतीने मी कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत आलो. येताना माझ्या कपाळावर मालकांच्या वडिलांच्या स्मरणार्थ एक पाटी बसली. ती एवढी मोठी की पडद्याचा वरचा भाग तिच्याखाली गेला. इथल्या पोरांनी जिराफाचं डोकं अजून पाहिलेलं नाही. त्यांच्या मते जिराफ म्हणजे लांब मानेचा आणि वर 'कैलासवासी' लिहिलेला प्राणी.

शाळेचे मुख्याध्यापक राजेंद्र सर. मनाने वाईट नाहीत, पण वस्तू वापरली की खराब होते, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी मला आपल्या खोलीत ठेवलं, वर फुलाफुलांचं कापड घातलं. तालुक्याचे साहेब आले की कापड निघायचं, मी लागायचो, साहेब म्हणायचे, "वा, डिजिटल शाळा." साहेब गेले की पुन्हा कापड. मी वर्षातून तीनचारदा उजाडलेलं बघायचो. बाकी वेळी खिडकीकडच्या बाजूने कापड जरा आखूड होतं, तेवढ्या फटीतून शाळेमागचं रिकामं आवार दिसायचं.

यंदा सहावीच्या वर्गाला सारिका बाई आल्या आणि माझं कापड उडालं. त्यांनी गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेशी दोस्ती जमवली. इकडेही भातशेती, तिकडेही भातशेती. बाईंनी ठरवलं, दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना बियाणं पाठवायचं, आपापल्या शाळेत लावायचं, आणि महिन्यातून एकदा माझ्यावर समोरासमोर बसून पिकाची खबर द्यायची. बाई आपला मोबाइल माझ्या डोक्यावर रबराने बांधायच्या. पलीकडच्यांसाठी तो माझा डोळा, तोच माझा कान. आमच्याकडून इंद्रायणी गेली. तिकडून कापडाच्या पुरचुंडीत मूठभर बी आलं.

ते ज्या मुलीने पाठवलं तिचं नाव भुमेश्वरी. पहिल्याच दिवशी ती पडद्यावर आली आणि आमची कोमल तिच्यापुढे जाऊन बसली.

"ह्यो कसला भात हाय?" कोमलने विचारलं.

"आमच्या घरचा जुना धान आहे जी. बुडाशी जांभळा असते. आता गावात कोणीच लावत नाही. माझ्या आजीले याचाच भात आवडते."

"मंग लावत का न्हाई?"

"काहून का, उशिरा होते ना."

एवढ्या बोलण्यावर दोघींची जन्माची मैत्री झाली. खिडकीबाहेरच्या आवारात पोरांनी लहानसं खाचर केलं. बाकीची पोरं मधल्या सुट्टीत हुंदडायची, कोमल चिखलात वाकून तण काढायची.

श्रावणात पुन्हा बोलणं झालं, तेव्हा भुमेश्वरी खाली मान घालून होती. "आमच्याकडचा पाण्यात गेला जी. घरी बी होतं तेपण पेरलं होतं. आता तुमच्याकडं आहे तोच. पिकल्यावर बी वापस पाठवशील ना?"

"पाटवीन," कोमल म्हणाली. "आईच्यान."

माझ्यावर लोकांनी आणाभाका पुष्कळ घेतल्या आहेत. मालिकेत तर जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक. पण नाकाला चिखल लागलेली आण मी पहिल्यांदाच पाहिली.

आता हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की ते वरिष्ठांच्या कानावर जाणारच होतं. साहेबांचा फोन आला. राजेंद्र सर उभे राहून बोलले. त्यानंतर प्रकल्पाचा सोहळा झाला, आणि सोहळा म्हटलं की मांडव आला.

कामशेतचे हमीदभाई मांडव घेऊन आले. त्यांचा नवाज कोमलच्याच वर्गात. समोरच्या पटांगणात ऊन येत होतं, म्हणून सर त्यांना मागे घेऊन गेले. बोलण्याचा दिवस नव्हता, अंगावर कापड होतं; मी फटीतून बघत होतो.

"सर, हितं पोरांनी भात लावलाय," हमीदभाई म्हणाले.

"अहो, भाताचं काय घेऊन बसलात, मावळात आहात. साहेबांच्या डोक्यावर ऊन येतंय ते बघा."

"पुढच्या बाजूला जाड कापड लावून देतो की."

"पुढं सुपारीची झाडं नाहीत, मागे आहेत. फोटोत हिरवं यायला पाहिजे."

फोटोत हिरवं यावं म्हणून खऱ्या हिरव्यावर सतरंज्या अंथरल्या गेल्या. भातासाठीचा सोहळा भातावरच उभा राहिला. मी लोणावळ्यात एका लग्नात नवरदेवाला बाहेर विसरून फाटक लावलेलं पाहिलं आहे. हे त्याच्या वरचं.

कोमल आली, बघितलं, आणि तिथेच खाली बसली. मग नवाजला म्हणाली, "तुज्याच अब्बांनी खांब रोवलाय."

"अब्बांनी सांगितलं व्हतं सरान्ला," नवाज म्हणाला, पण त्याचंही तोंड उतरलं होतं.

सर समजूत घालायला आले. "रडतेस काय? आपल्याकडे भाताचा तुटवडा आहे का? जा, शेजारच्या धोंडाबाईच्या खाचरातून चार ठोंब घेऊन ये. कुंडीत लाव. तोच दाखवू."

"पण सर, त्यांचा बुडाशी जांभळा हाय."

"टीव्हीत बूड कुठं दिसतंय?"

सारिका बाई मध्ये पडल्या. "सर, मुलांनी शब्द दिलाय त्यांना."

"बाई, शब्द मुलांनी दिलाय. निमंत्रण आपण दिलंय. कुठलं मोडायचं ते तुम्हीच सांगा."

बाई वर्गाकडे वळल्या. नव्या होत्या.

सोहळ्याच्या दिवशी मला मांडवात टेबलावर मांडलं. समोर साहेब, सरपंच, आणि ज्यांना बोलावलं नाही तर राग येतो असे सगळे. मुलं मागे. कार्यक्रमपत्रिकेत 'विद्यार्थी संवाद' होता, आभारप्रदर्शनाच्या नंतर. म्हणजे आभार मानून झाल्यावर कुणी उरलं तर.

पडद्यावर गोंदियाकडचे कटरे सर आले. इकडे दीपप्रज्वलन, तिकडे दीपप्रज्वलन. इकडे नारळ, तिकडे नारळ. मग राजेंद्र सरांनी कुंडी उचलली. "हा पाहा, तुमचा भात आमच्या मातीत कसा डोलतोय."

टाळ्या पडल्या. तिकडून एका पोराचा आवाज आला. तो हिवराज, भुमेश्वरीचा वर्गमित्र. "सर, बूड दाखवा ना जी."

"वेळ कमी आहे," राजेंद्र सर म्हणाले आणि कुंडी टेबलाखाली गेली.

मग कटरे सरांनी धानाची एक पेंढी उभी धरली. "आन् ही पाहा तुमची इंद्रायणी."

"आमची इंद्रायनी कमरंपातुर येती," कोमल मागून म्हणाली. "ही तर सरांच्या छातीला लागलीया."

"बस खाली," इकडून आवाज आला. "चूप रहा," तिकडून कुणाला तरी मिळालं. दोन्ही जिल्ह्यांत टाळ्या वाजल्या.

आता सत्कार. आपल्याकडे पाहुण्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय सोडत नाहीत. पाहुणा पडद्यात आहे म्हणून काय झालं? सरपंच शाल घेऊन पुढे आले, क्षणभर घुटमळले, आणि कटरे सर समजून ती मला पांघरली. नारळ माझ्यापुढे ठेवला. फोटो निघाला. शालीखाली माझा डोळाही गेला, पडदाही गेला. तिकडे अंधार झाला. पण त्यांना काही कळलं नाही, कारण त्याच वेळी त्यांनी लॅपटॉपला हार घातला होता. मला नुसता झेंडू दिसत होता. एका बाजूला झेंडू, दुसऱ्या बाजूला शालीची किनार, आणि त्या दोघांना उद्देशून मान्यवरांची भाषणं झाली. साहेब म्हणाले, आज अंतर मिटलं. शाल काढली असती तर दिलेला सत्कार परत घेतल्यासारखं दिसलं असतं, म्हणून ती कुणी काढेना.

शेवटी साहेबांना दुसरीकडे जायचं होतं. आभार झाले, गाड्या गेल्या. उरलेले पोह्यांकडे वळले. मुलांना सतरंज्या गुंडाळायला लावलं. मी मात्र चालूच होतो. मला बंद करायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. ज्याचा सत्कार होतो त्याच्याकडे नंतर कोण बघतं?

राजेंद्र सर पोह्यांची बशी घेऊन माझ्याशेजारीच टेकले. "बघा बाई, उगाच घाबरत होतात. ओळखलं का कुणी?"

शालीखालून आवाज आला, "ओळखलं जी."

सरांचा घास तोंडाशीच राहिला. मला वाटतं तो दाणा अजून तिथेच आहे.

कोमलने सतरंजी टाकली, धावत आली आणि शाल वर केली. पलीकडे हिवराज हार बाजूला सारत होता. त्याच्या शेजारी भुमेश्वरी. आणि त्यांच्या मागे टेबलावर पुढचे पाय टेकून एक शेळी मघाची ती पेंढी मनापासून खात होती.

"हिनंच खाल्ली तुमची इंद्रायणी," हिवराज म्हणाला. "सर म्हणे सांगू नका. ही आमच्याच घरची आहे."

"इंद्रायनी का शेळी?" नवाजने विचारलं.

"पेंढीपण, शेळीपण."

पोरं हसली. भुमेश्वरी हसली नाही. ती कोमलकडे बघत होती. "आन् आमचा धान?"

कोमलच्या हातात शालीचं टोक होतं. ती ते पिळत राहिली. राजेंद्र सर तिच्याकडे बघत होते, मान किंचित हलवत होते. तुम्ही माणसं अशी मान हलवता ती मी ओळखतो. तिचा अर्थ 'नाही' असाही होतो आणि 'बघ हं' असाही.

"मांडवाखाली गेला," कोमल म्हणाली. "आमच्याच मांडवाखाली. सतरंज्या टाकल्या त्यावर."

"पूरा?"

पोरांनी नुकतीच कडेची सतरंजी उचलली होती. नवाज कोपऱ्यातल्या खांबापाशी उकिडवा बसला होता. "न्हाई," तो ओरडला. "हितं हाय. खांबाच्या बुडाशी, चार ठोंब. खुर्ची पोचली न्हाई हितं."

सारिका बाई पुढे झाल्या. त्यांनी सरांकडे बघितलं नाही. माझ्या डोक्यावरचा मोबाइल सोडवला आणि खांबापाशी नेला. चिखलात, पाचटासारख्या पानांमध्ये, चार ठोंब तिरके उभे होते. कोमलने पानं बाजूला केली. बुडाशी जांभळं होतं.

पलीकडे भुमेश्वरी पडद्याला नाक लावून बघत होती. मग म्हणाली, "हाच."

"पन मांडव निगाला की शेळ्या येत्याल," नवाज म्हणाला.

"आमची तिकडं नाही येत जी," हिवराजने खात्री दिली.

मग कोमलने एक गोष्ट केली. माझ्या अंगावरची शाल ओढली आणि खांबाभोवती, काठ्या रोवून, ठोंबांना कुंपण घातलं.

"अगं, ती शाल," राजेंद्र सर उठले. "पुढच्या सत्काराला लागेल ती." त्यांचं खरं होतं. शाळेत ती एकच शाल. निवृत्तांपासून नेत्यांपर्यंत सगळे तिच्यातच सन्मानित झाले. घडी कपाटातून निघते, खांद्यावर जाते, फोटो होतो, 'जरा द्या हं, धुऊन देतो' म्हणून परत येते.

"सर," सारिका बाई मोबाइल त्यांच्याकडे वळवत म्हणाल्या, "सत्कार चालू आहे अजून."

सरांनी पडद्याकडे बघितलं. पलीकडे पूर्ण वर्ग गोळा झाला होता, आणि वर्गामागे तोंड पुसत कटरे सर. दोघा सरांची नजर भिडली. दोघंही हसले, फोटोत हसतात तसे. राजेंद्र सरांनी पुढे होऊन शालीचं एक टोक नीट केलं आणि बशी उचलून निघून गेले.

वर्तमानपत्रात फोटो आला. शालीतला मी, बाजूला सरपंच. खाली लिहिलं होतं, विद्यार्थ्यांनी मनमोकळा संवाद साधला. छापून आलेलं एखादं वाक्य एवढं खरं ठरताना मी प्रथमच पाहिलं, आणि ते लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

आता मी परत सरांच्या खोलीत आहे. फटीतून बघतोय. मांडव गेला, पण कोपऱ्यातला खांब हमीदभाईंनी काढला नाही. म्हणाले, एका खांबाने माझा धंदा बुडत नाही. त्याभोवती भगवी शाल, आणि शालीच्या वर चार ठोंबांच्या लोंब्या निघाल्यात. उशिरा होतो तो भात. आजीला विचारून भुमेश्वरीने कळवलंय, घाई करू नका.

तेव्हा तुम्हा थोरामोठ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे. मला हात नाहीत, पण लोणावळ्यात वाढलोय, जोडले असं समजा. पोरं बोलत असतील तर मला नुसतं चालू ठेवा आणि पोहे खायला जा. सत्कार करावासा वाटलाच, तर आधी कपाटात बघा. शाल सापडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काम लागलंय.