हिवाळा जाळणारं गाव

शोभाताईंना फक्त स्वेटर परत हवा होता. अवधूतचं घड्याळ, लॅपटॉप, पुस्तकांची खोकी, सगळं त्याच्या बायकोनं, लेनानं, केव्हाच नागपूरला धाडलं होतं. अस्थी आल्या, त्या रामटेकला अंबाळा तलावात सोडूनही झाल्या. शोभाताईंनी स्वतः विणलेला हिरवा स्वेटर तेवढा आला नाही. फोनवर विचारलं की लेना म्हणायची, "आई, तुम्ही या. मार्च लागायच्या आत या." आता हे काय उत्तर झालं? पण पोरगी मनानं वाईट नव्हती, म्हणून शोभाताईंनी वाद घातला नाही, तिकीट काढलं.

स्वेटर कशाला हवा ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्या स्वेटरला अवधूतचा वास असणार होता. नागपूरच्या कपाटातले त्याचे सगळे कपडे त्यांनीच धुऊन, इस्त्री करून रचून ठेवले होते. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, पसारा खपायचा नाही. अकरा महिने त्या कपाटात नाक खुपसून पाहिलं, पण साबणापलीकडे काही हाती लागलं नाही, आणि स्वतःच्या शिस्तीचा इतका राग त्यांना जन्मात आला नव्हता.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या शहरातून संग्राम त्यांना घेऊन निघाला. हा अवधूतचा जुना रूममेट, अजून पीएचडीतच अडकलेला. गाडी डोंगराला लागली तसा तो बोलायचा थांबला. गेल्या मार्चमध्ये असल्याच रस्त्यावर एक ट्रक घसरला होता आणि समोरून अवधूत येत होता.

"काकू, रोड आयसी आहे, स्लो ड्राइव्ह करतोय. चालेल ना?"

"चालेल रे. मला कुठे घाई आहे आता?"

लेनाचं गाव ते केवढं, चौदा घरं. शंभर वर्षांपूर्वी उत्तर इटलीच्या डोंगरातून दगडाच्या खाणीत कामाला आलेली ही माणसं. सिम्ब्रियन म्हणतात त्यांना. इटलीतली असून त्यांची जुनी भाषा मात्र जर्मनच्या वळणाची. ती आता लेनाच्या आजोबांना, जोसेफना, तेवढी येत होती. बाकीच्यांकडे तिच्यातल्या शिव्या आणि खायच्या पदार्थांची नावं उरली होती. ती दोन्ही सगळ्यात शेवटी जातात म्हणा.

लेना दारातच उभी होती. गाडी थांबताच ती आली आणि बर्फात गुडघे टेकून शोभाताईंच्या पाया पडली. हे तिला अवधूतनं शिकवलं असणार. शोभाताईंनी तिला उठवून जवळ घेतलं. किती वाळली होती पोर! मग त्यांना स्वेटर मागायचा धीर होईना. चहा झाला, जेवण झालं, जोसेफ आजोबांनी चुलीवर घोटलेली मक्याची उकड आग्रह करून दोनदा वाढली. ऊन उतरायला लागलं तेव्हा लेना म्हणाली, "आई, चला. सगळे थांबलेत."

गावामागच्या उतारावर सगळं गाव जमलं होतं. पोरांच्या हातात गाईंच्या गळ्यातल्या घंटा होत्या, बायकांनी डबे, पातेली आणली होती. मधोमध लाकडांच्या ढिगावर पुरुषभर उंचीचा पेंढ्याचा बाहुला उभा होता, आणि त्याच्या अंगात हिरवा स्वेटर होता.

शोभाताई जागच्या जागी थांबल्या.

जोसेफ आजोबा टोपी काढून पुढे आले. ते सावकाश इंग्रजीत सांगत गेले आणि संग्राम खालमानेनं मराठीत सांगत गेला. मार्च लागायच्या आदल्या संध्याकाळी इथे हिवाळा जाळतात. घंटा वाजवून, आरडाओरडा करून वसंताला उठवतात. ज्या वर्षी गावातलं कुणी जातं, त्या वर्षी त्या माणसाचा कपडा हिवाळ्याला घालतात, म्हणजे त्या घरातला हिवाळाही सोबत निघून जावा. बाहेरच्या माणसाचा कपडा आजवर कधी घातला नव्हता. या वेळी चौदाही घरांनी मिळून ठरवलं होतं, की अवधूत बाहेरचा नाही.

शोभाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना सांग," त्या संग्रामला म्हणाल्या, "आमच्यात माणसाला दोनदा जाळत नाहीत."

संग्रामला ते सांगवेना. पण लेनाला तेवढं मराठी कळत होतं. ती लाकडांवर चढली, आजोबांनी खालून हात दिला, आणि दोघांनी मिळून बाहुल्याच्या अंगातून स्वेटर उतरवला. लेनानं एकेक काडी वेचून स्वेटर झटकला आणि शोभाताईंच्या हातात दिला.

त्या तो घेऊन गोठ्याच्या आडोशाला गेल्या. कुणी पाहत नाही असं बघून तोंडाला लावला. साबण. साबण आणि वर थोडा पेंढा. बाही हुंगली, गळा हुंगला, आतली बाजू उलटून हुंगली. मग तिथल्या ओंडक्यावर मटकन बसल्या.

लेना मागोमाग आली होती. "आई, मी धुतला," ती म्हणाली. "डर्टी द्यायचा नसतो, असं आजोबा म्हणाले. हातानं धुतला. तीनदा."

तिला ओरडावंसं वाटलं शोभाताईंना. पण ओरडणार काय? त्यांनी स्वतःही धुतलाच असता, आणि तीनदाच धुतला असता. सून अगदी सासूवर गेली होती.

"तू त्याला पेटताना पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

लेनानं मान हलवली. "नाही. तिथे बटन होतं. त्या माणसानं प्रेस केलं. आम्हाला पार्किंगमध्ये वेट करायला सांगितलं."

शोभाताईंनीही पाहिलं नव्हतं. त्यांचा पासपोर्ट मुदत संपून कपाटात पडला होता. मरणाला अपॉइंटमेंट लागत नाही, मेलेल्याला भेटायला व्हिसाची लागते. नागपूरच्या घरात फोनच्या पडद्यावर त्यांना एक बंद दार दिसलं होतं, आणि संग्रामचे बूट. एवढ्यावर मुलगा गेला असं मानायचं? आईनं मानलं नव्हतं, आणि या पोरीनंही मानलेलं दिसत नव्हतं.

शोभाताई उठल्या.

कुणाला काही न विचारता त्या लाकडांवर चढल्या. बाहुल्याचं डोकं गळ्यातून नीट ओवून घेतलं, बाह्यांत पेंढा भरला, पाठीवर गोळा झालेला स्वेटर खाली ओढून सारखा केला. तो शाळेत जाताना करायच्या तसा. मग खाली उतरून जोसेफ आजोबांपुढे हात केला. आजोबांनी जळता पलिता त्यांच्या हातात दिला. आईनं अग्नी द्यायचा नसतो असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. शोभाताईंनी लेनाला जवळ ओढून पलित्यावर तिचाही हात ठेवला.

पेंढा भसकन पेटला. स्वेटर आधी काळवंडला, मग त्यानंही पेट घेतला. गावानं घंटा, डबे, पातेली, जे हाती होतं ते बडवायला सुरुवात केली. डोंगर दणाणून गेला. आणि त्या गदारोळात शोभाताईंनी उजव्या हाताची पालथी मूठ तोंडावर नेली आणि बोंब ठोकली.

होळीला ठोकतात तीच बोंब. चितेला फेरे घालून, मडकं फोडून, अग्नी देणारा ठोकतो तीही हीच. अवधूतसाठी ती कुणी ठोकली नव्हती. अंत्यविधीच्या त्या गालिचा घातलेल्या खोलीत, टाय लावून उभ्या असलेल्या माणसांत, कोण ठोकणार होतं?

जवळच्या पोरांनी वळून पाहिलं. आवाज करायची ही नवी तऱ्हा त्यांना फार आवडली. त्यांनी घंटा खाली टाकल्या आणि पालथे हात तोंडावर नेले. मग त्यांच्या आयांनी, बापांनी. जोसेफ आजोबांनीही दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा त्यांना जमलं. चौदा घरांचं गाव नागपूरच्या पोरासाठी बोंब मारत होतं, आणि आपण काय करतोय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते एकट्या संग्रामला. त्यानं टोपी काढून खिशात कोंबली. आगीकडे पाहत मग त्यानंही हात तोंडाशी नेला.