चेकावर घेतलेली माळ

कोपरच्या गुणाजी आणि भिवा या चुलतभावांनी पंचावन्न साली एकदमच जमिनी विकल्या. भिवाने पैसा बँकेत ठेवला. गुणाजीने ट्रक घेतला, आणि त्या ट्रकनेच त्याचा बराच पैसा खाल्ला.

भिवाच्या मुलीचं, सुलीचं लग्न ठरलं, तेव्हा सोनं घ्यायला तो गुणाजीलाही नौपाड्यातल्या सोनाराकडे घेऊन गेला. भिवाने चेकबुक काढून सही केली, तसा सोनार उठून उभा राहिला. "शेठ, चहा घेऊनच जा." गुणाजीला कुणी बससुद्धा म्हणालं नाही.

"काल सही शिकला नि आज शेठ झाला!" घरी येऊन तो बायकोला, सगुणाला म्हणाला. रात्री जेवलाही नाही.

पुढे त्याच्या शेवंतीला कल्याणचं स्थळ आलं. गुणाजी त्याच सोनाराकडे गेला. "सुलीला केलीत त्याहून जड पुतळ्यांची माळ काढा." बँकेत तेवढे पैसे नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. ट्रक विकला की भरू, असं म्हणत त्याने चेक लिहिला. भिवाचा भाऊ म्हणून सोनारानेही तो निमूट घेतला.

मांडवात बायका माळ बघत होत्या, गुणाजी भिवाचं तोंड बघत होता. "झकास केलीस रे," भिवा हसून म्हणाला. तेही त्याला टोचलं.

चेक वटला नाही. सोनार दोनदा कोपरला आला. गुणाजीने घरात बसून 'नाहीत' म्हणून सांगायला लावलं. मग सोनार थेट शेवंतीच्या सासरी गेला. "माळ द्या, नायतर फसवणुकीची फिर्याद करतो." शेवंतीने सगळ्यांदेखत ती गळ्यातून काढून दिली.

दुसऱ्या दिवशी गुणाजी कल्याणला धावला. शेवंती ओटीवरच भेटली.

"भिवानेच सोनाराचे कान भरले असतील. त्याला बघवलं नाय."

"भिवाकाका काल सोनारामागोमाग आलेले. फिर्याद करू नका म्हणून त्याच्या पाया पडले." तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. "मी माळ मागितलेली का, बाबा? सुलीपेक्षा जड तुम्हालाच पायजे होती."

आतून त्याला कुणी बोलावलं नाही.

माळ परत गेली तरी सोनाराची मजुरी राहिलीच होती; ती त्याने ट्रक विकून भागवली. सगुणा म्हणाली, "आता तरी भिवाभावजींशी नीट बोला."

"त्याला कोणी सांगितलं होतं पाया पडायला?" गुणाजी उसळला. "पोर माझी. पाया पडायचं ते मी पडलो असतो!"

आणि भिवाच्या अंगणाकडची खिडकी त्याने धाडकन लावून घेतली.