आप्पांची जिरवणारी कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. गाण्यांची नव्हे. माझ्यात संगणकाचा एक प्रोग्राम होता; त्या काळी प्रोग्राम टेपवर भरून ठेवत आणि टेपरेकॉर्डर जोडून संगणकाला वाचायला देत. आणि माझा स्वभाव क्षमा करण्याचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१९८६ साली रत्नागिरीतल्या एका शाळेत संगणक आला. तिथल्या प्रभावतीबाईंनी मुलांसाठी तो प्रोग्राम लिहिला. मुलांनी गोष्ट रचायची, प्रोग्रामने तिचा खेळ करायचा. 'होडी दाभोळच्या खाडीत रुतली. भरतीची वाट बघाल की उतरून ढकलाल?' असं पडद्यावर यायचं, तेही इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. मधल्या सुट्टीतले डबे तसेच राहायचे. बाई मागेल त्याला नक्कल करून द्यायच्या. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला त्यांचा आवाज असे, "हा प्रोग्राम प्रभावतीने लिहिलाय. फुकट आहे. नक्कल करा नि वाटा."

मी अशीच एक नक्कल. बाजारात संगणकाचा क्लास काढणाऱ्या आप्पांनी मला मागून नेलं आणि बाईंचं नाव खरवडून स्वतःचं चिकटवलं. 'हा प्रोग्राम फक्त आमच्या क्लासात' अशी पाटीही लावली. माझा नुसता जळफळाट झाला. पण माझं काम आप्पांनीच सोपं केलं. बाईंचा आवाज पुसून तिथे आपला भरायला बसले. बोलायची हौस दांडगी. बोलता बोलता इतके लांबले की प्रोग्रामची सुरुवातही पुसून बसले. सुरुवात गेली की उरलेलं संगणकाला वाचता येत नाही. मला ते कळलं होतं. मी कशाला सांगू?

मग त्यांनी पालकांना प्रोग्राम दाखवायला बोलावलं. प्रभावतीबाईही मागे येऊन बसल्या. मला लावलं. "हा प्रोग्राम मी स्वतः रक्ताचं पाणी करून लिहिला..." भाषण संपलं, पडदा कोराच. पुन्हा लावलं, पुन्हा तेच भाषण. लोक हसू लागले. मला फार बरं वाटलं.

घामाघूम आप्पा बाईंपाशी गेले. "बाई, वायच तुमची कॅसेट देता काय?"

"माझी कशाला? तुम्हीच लिहिलात ना? बसा, पुन्हा लिहा. आम्ही थांबतो हो."

आप्पा काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा."

"तुमचा हाय तो."

बाईंनी पिशवीतून मूळ कॅसेट काढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारच्या पालकांच्या हातात ठेवली. "नक्कल करा नि वाटा. आप्पांनाही एक द्या."

मित्रांनो, फुकट मिळालेलं खुशाल घ्या, पण देणाऱ्याचं नाव जपा. ते पुसणाऱ्याचं भाषण मी अजून जपून ठेवलंय, आणि मला लावेल त्याला ते पहिल्यापासून ऐकवते.