गारठलेली पानं

लीलाधर चौधरीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं, त्यात लपवायचंय काय? सन एकोणनव्वद. जळगावच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची पक्की जागा एकच आणि हंगामी प्राध्यापक दोघं, तो आणि मी. प्रात्यक्षिक बघून निवड करायला धुळ्याहून देवरे सर यायचे होते. आणि पहिला मान कुणाला? लीलाधरला! का, तर तो बोलतो छान. आई म्हणायची, "दुसरानं ताट दखीसन आपलं पोट नही भरस." नसेल भरत, पण नजर जातेच ना!

त्यानं मेहरूण तलावातली हायड्रिला नावाची पाणवनस्पती आणली. तिच्या पानाच्या पेशींत हिरवे कण गोल गोल वाहत असतात. पेशीत बारीक नळ्या असतात, आणि त्याहून बारीक तंतू. कण कोण वाहून नेतं, नळ्या की तंतू, हे त्याला दाखवायचं होतं. नळ्या मोडणाऱ्या औषधात त्यानं पानं भिजवली, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात ती शिजतील म्हणून बशी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. मोठा शहाणा!

सकाळी फ्रिजमधून काढल्या काढल्या सरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर कण जागच्या जागी. "नळ्या मोडल्या, वाहणं थांबलं," लीलाधर म्हणाला. "म्हणजे ओढतात त्या नळ्याच, सर."

मला राहवेना. "कशाच्या नळ्या! पानं गारठलीत याची." स्लाइड काढून मी तळहातावर धरली. आता याची चांगली जिरणार म्हणून मनात उकळ्या फुटत होत्या. थोड्या वेळानं स्लाइड परत लावली. आधी एक कण हलला, मग सगळेच चालू लागले.

"वा!" सर म्हणाले. "नळ्या मोडूनही वाहतंय. म्हणजे ओढणारे तंतूच. नळ्या बहुतेक त्यांना वाट आखून देत असतील."

लीलाधरनं हात जोडले. "मी चुकलो, सर. पुष्पाताईंमुळे कळलं." मनापासून म्हणाला मेला, तेच जास्त झोंबलं.

सरांनी त्याच्याच पाठीवर थाप मारली. "चूक कबूल करणारा मास्तर हवा. आणि ताई, तुमच्यासारखी मदतनीस असल्यावर काय पाहिजे!"

मदतनीस!

माझं प्रात्यक्षिक सरांनी उभ्या उभ्या उरकलं. जूनमध्ये लीलाधर पक्का झाला, मी हंगामीच राहिले. पहिल्याच प्रात्यक्षिकाला, सगळ्या पोरांसमोर, त्यानं मुद्दाम फ्रिजमधली स्लाइड काढली आणि हसत माझ्याकडे वळला. "ताई, तुमचा हात गरम असतो. जरा धरता का?"

सर्वांगाची आग होत होती. मी हात पुढे केला.