रिकाम्या खोलीतला संगणक

पुण्यातल्या कंपनीनं मुळशीत तुळजाबाईंची पुढची खोली भाड्यानं घेऊन तिथं एक संगणक, प्रिंटर आणि सिराज असे तिघं बसवले. सिराजनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. ठरलेली वेळ झाली की संगणकानं दिवसाची सगळी कामं आपणहून, एकामागून एक उरकायची आणि निकाल छापायचा. हे माणसावाचून जमलं, तरच साहेब त्याला बहिणीच्या लग्नाला सोडणार होते.

दुपारची वेळ लावून तो मुद्दाम धरणाकडे फिरायला गेला. परतला तर पडदा काळा आणि कागद कोरा. त्यानं प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला, पण चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी तीच वेळ लावून तो बाहेर खिडकीआड उभा राहिला. प्रिंटर खडखडू लागला, तशा तुळजाबाई आल्या आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"मावशी, हे काय केलंत?"

"खोलीत कुणी न्हाई आन् ही खडखड. आमच्यात रिकाम्या खोलीत दिवाबी जळत न्हाई."

"अहो, ते एकटं चालतंय का, हेच तर बघायचंय."

"मंग बघ की. मी बसते हितं, म्हंजी खोली रिकामी न्हाई."

सिराजनं पुन्हा वेळ लावली. तुळजाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. त्यांनी संगणकाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सगळा निकाल छापून झाला.

"माणूस लागला नाही," सिराजनं साहेबांना फोनवर सांगितलं. मग जरा चाचरत त्यानं विचारलं, "मावशी, मी लग्नाला गेल्यावर रोज बसाल का?"

"बसंन. पर येताना बिर्याणी आण."