दुधाचा शकुन आणि क्रूझचा दांडा

बिबिश-अपांनी सकाळी निघताना वाडगाभर दूध गाडीच्या स्टिअरिंगवर ओतलं, तेव्हा अकबोपे शेजारी वाडग्यावरचं झाकण धरून उभी होती. त्यांच्या अल्ताईकडच्या माहेरी प्रवासाला निघणाऱ्यावर दुधाचे चार थेंब शिंपडतात. पण गाडी जपानहून आलेली, घरातली पहिली, शिवाय लेकाची. चार थेंबांवर सासूबाईंचं समाधान कुठलं व्हायला! दूध चाकावरून ओघळलं आणि खाली क्रूझ कंट्रोलच्या दांड्यात शिरलं. अकबोपेचा नवरा दोसिम म्हणाला, "पुरे आता, अपा." तेवढं बोलायला त्याची जीभ उचलली, हेच नवल.

लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. सासरचे स्वतः घेऊन जाईपर्यंत सुनेनं माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही, ही रीत. बिबिश-अपांनी ती रीत रबरासारखी ताणली होती. आधी लोकर कातायची होती, मग नणंदेचं बाळंतपण, मग अपांचे गुडघे. तेवढ्यात तिकडे माहेरी, मोइंतीला, अकबोपेच्या वडिलांचं डावं अंग गेलं. भावाचे फोनवर फोन आले, सगळी वस्ती नावं ठेवायला लागली, तेव्हा कुठे अपांनी भेटीची थैली भरली.

बाल्खाश तळ्याच्या काठचा सरळसोट रस्ता लागल्यावर दोसिमनं ऐटीत क्रूझ लावलं, म्हणजे पाय न लावता गाडी एकाच वेगानं पळावी. गाडीनं वेग धरला आणि तो वाढतच राहिला. क्रूझचा दिवा लुकलुकायला लागला. ब्रेक दाबला की सुटायचं, पुन्हा लावलं की गाडी उधळायची. मासे विकणाऱ्या बायकांच्या रांगेत गाडी घुसता घुसता वाचली.

"रस्ताच पुढे जाऊ देत नाहीये आपल्याला!" अपा ओरडल्या. "माघारी फिरव, दोसिम."

"अपा, क्रूझ नको लावायला," अकबोपे म्हणाली. "साधी चालवली तर चालेल की."

"तू मला गाडी शिकव आता!"

शेवटी वाटेवरच्या सारी-शगनमधल्या मेकॅनिक तोख्तार-अगाकडे गाडी दाखवायचं ठरलं. "नीट झाली तर पुढे," अपा म्हणाल्या. अकबोपेनं ते शब्द पदराला गाठ मारावी तसे धरून ठेवले.

तोख्तार तोंडाचा फाटका माणूस. त्यानं आधी ब्रेक दाबायला लावून मागचे दिवे पाहिले. मग हॉर्न वाजवला. "हॉर्न बोंबलतोय, म्हणजे स्टिअरिंगखालची तार शाबूत आहे. आजार दांड्यातच." त्यानं बॅटरी सोडवली, थोडा वेळ चहा पीत बसला, मग दांडा उतरवून त्याला मीटर लावलं. "बघ, कोणी बोट लावलेलं नाही, तरी वेग वाढवायचं बटण दाबल्यासारखं दाखवतंय. गाडी बिचारी हुकूम पाळतेय!"

अकबोपे दारातच उभी होती. या खडूस माणसाच्या हातात आपला बाप आहे, असं तिला वाटत होतं.

त्यानं दांडा उघडला, वास घेतला आणि ठो ठो हसला. "दूध! आंबलंय की आत. कोणत्या गाढवानं गाडीला दूध पाजलं रे? दही लावायचं होतं का?"

शेजारी आपली गाडी दाखवायला आलेले दोघेही हसले. बिबिश-अपांचा चेहरा राखेसारखा झाला. आयुष्यात त्यांना कोणी गाढव म्हटलं नव्हतं, निदान तोंडावर तरी.

"मी दुधात नुसतं बोट बुडवलं," अपा म्हणाल्या. "वाडगा हिच्या हातात होता. हिनं सांडलं. काय रे दोसिम?"

दोसिमनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग बुटाकडे. "हो," तो म्हणाला. "तिचाच धक्का लागला."

अकबोपेला त्या क्षणी नवऱ्याची किळस आली. पण मोइंती तास-दीड तासावर होतं. तोख्तारनं स्पिरिटनं दांडा धुतला होता, सुकवला होता, मीटर आता गप्प होतं. एवढ्याशा खोट्यानं वडील भेटणार असतील तर भेटू देत.

"माझ्याच हातून सांडलं, अपा," ती वाकून म्हणाली. "चुकले मी. आता निघूया?"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" अपांचा आवाज एकदम मऊ झाला. "निघतानाच दूध सांडून अपशकुन केला हिनं. अन्न सांडलेली पावलं आजाऱ्याच्या उंबऱ्यावर न्यायची? उद्या त्या माणसाचं बरंवाईट झालं तर पाप माझ्या माथी. दोसिम, गाडी घराकडे वळव."

"अपा, तुम्ही म्हणाला होतात, नीट झाली तर..."

"गाडी नीट झाली गं. तू कुठे झालीस?"

तोख्तारचं हसू विरलं. तो काहीतरी बोलायला गेला, पण म्हातारीच्या घरच्या भांडणात कोण पडणार! त्यानं दांडा बसवला, बॅटरी जोडली आणि हात पुसत आत निघून गेला.

जाताना उजवीकडे असलेलं तळं आता डावीकडे होतं. अपा मागे पाय पसरून वाटेत घेतलेला, धुरावर सुकवलेला मासा सोलत होत्या. भेटीची थैली त्यांच्या पायाखाली होती. दोसिमनं क्रूझ लावलं. वेगाचा काटा जागचा हलला नाही.

"वा! काम केलं बुवा गड्यानं," तो म्हणाला. त्यानं दोन्ही पाय मागे ओढून घेतले. "बघ, हातपाय न हलवता कशी पळतेय."

अकबोपेचा फोन वाजला. भाऊ होता. "कुठवर आलीस गं? बाबांनी दाढी करवून घेतलीय. उशा लावून खिडकीशी बसवलंय त्यांना. रस्त्यावरून नजर काढत नाहीत."

तिनं दोसिमकडे पाहिलं. तो पुढे बघत होता. मागून माशाचे काटे थुंकल्याचा आवाज आला.

"सांग की," अपा म्हणाल्या. "खरं काय ते सांग."

गाडी एका लयीत धावत होती, कुठे एक आचका नाही.

"दादा," अकबोपे म्हणाली, "आमची गाडी बिघडलीय."