सहा चाळीसची बस आणि जाळीचा पडदा

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नव्या पुलावरून पहिली बस आली, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसमोर सिग्नलला थांबली आणि तिच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. बाहेर अजून अंधार होता, खिडकीच्या आत दिवा चालू होता. सिस्टर पलंगावरच्या माणसाला कुशीवर वळवून त्याचं उघडं अंग पुसत होती. हॉर्न ऐकून बसमधल्या झाडून सगळ्यांनी माना वळवल्या. ड्रायव्हरने हात कपाळाला लावून सलाम केला.

सलाम मनापासूनचा होता. पलंगावरचा माणूस एकतीस वर्षं त्याच डेपोत ड्रायव्हर होता. निम्म्या डेपोला त्यानेच गाडी शिकवलेली, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एक डावा हात आणि दोन डोळे.

शुक्रवारी उस्तादांनी नाश्त्याला तोंड उघडलं नाही. दुपारीही नाही. संध्याकाळी बायकोने, जिला सगळा डेपो वहिनी म्हणतो, पातळ भाताचा चमचा ओठांना टेकवला. "अहो, एवढा तरी घ्या," म्हणाली. त्यांनी डोळे मिटून घेतले. पाण्याचे दोन-चार घोट तेवढे घेतले.

शनिवारी तिने सुचेल तो सोपा उपाय केला. खिडकीवर चादर बांधली. पलंग हलवायची सोय नव्हती. दवाखान्यातला लोखंडी पलंग तो, बाहेरच्या खोलीत कसाबसा बसवलेला, स्वयंपाकघराच्या दारातून आत जात नव्हता. उस्तादांनी डाव्या हाताने चादरीचं टोक पकडलं आणि ओढायला लागले. तासभर ओढत राहिले. शेवटी खिळा निघाला आणि चादर त्यांच्या तोंडावर पडली. वहिनीने ती उचलली तेव्हा ते खिडकीकडेच बघत होते.

यात तिला नवल वाटलं नाही. पूल उभा राहताना त्यांनी खांबन् खांब पाहिला होता. क्रेन उशिरा आली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करायचे. "घरबसल्या मुकादमी मिळाली तुम्हाला," असं ती म्हणायची, आणि अर्ध्या तोंडाने का होईना, ते हसायचे. पुलावरून आपल्याच डेपोच्या गाड्या जाणार, हे कळल्यावर त्यांनी तिच्याकडून वेळापत्रक आणवून उशाशी लावून घेतलं होतं. आता त्यांना खिडकी हवी होती आणि खिडकीने त्यांचं जेवण तोडलं होतं.

तिने हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरला फोन केला. त्याला बारकू म्हणत. नावालाच बारकू, स्टीअरिंग पोटाला टेकायचं.

"वहिनी, चुकलो. जोडा घ्या नि मारा."

"जोड्याने काही होत नाही. हॉर्न वाजवू नका, इकडे बघू नका. सगळ्यांना सांगा."

त्याने सगळ्यांना सांगितलं. रविवारी सकाळपासून एकेक बस यायची, थांबायची, आणि आतला ड्रायव्हर परीक्षेला बसल्यासारखा नाकासमोर बघायचा. उस्ताद त्यांचं ते न बघणं बघत राहायचे. वहिनीला वाटलं, हॉर्न परवडला.

रविवारी दुपारी ती पडद्यांच्या दुकानात गेली. पडदेवाला बोलघेवडा होता.

"काकू, आधी सांगा. लोकांना आतलं दिसायला नको, की तुम्हाला बाहेरचं?"

"त्यांना बाहेरचं दिसलं पाहिजे. बाहेरच्यांना ते दिसता कामा नयेत."

"मग तुम्हाला पडदा नकोय, गुप्तहेर पाहिजे."

ती हसली नाही, तसा तो कामाला लागला. आधी आडव्या पट्ट्यांचा ब्लाइंड दाखवला. दोरी ओढली की पट्ट्या कलत्या व्हायच्या. वहिनी दुकानातच उकिडवी बसली, पलंगावरच्या माणसाचे डोळे जिथे येतील तेवढ्या उंचीवर, आणि त्याला समोर उभं राहायला सांगितलं. पट्ट्या कशाही वळवल्या तरी एकच हिशेब: तिला तो दिसला की त्यालाही ती दिसायची. मग त्याने लाकडी झडपा दाखवल्या. खालची जोडी बंद, वरची उघडी.

"पेशंटला आभाळ दिसेल, काकू. उजेड, वारा, सगळं."

"आभाळ बघून ते जेवणार नाहीत."

शेवटी त्याने एक करड्या जाळीचं कापड खाली सोडलं. गुंडाळीचा पडदा होता. तिला आत उभं केलं आणि स्वतः बाहेर उन्हात गेला. रस्त्यावरची माणसं, पाट्या, त्याने केलेले वेडेवाकडे चेहरे, सगळं तिला धुक्यातून दिसावं तसं पण स्वच्छ दिसलं. मग ती बाहेर गेली, तो आत. काचेमागे नुसतं करडं कापड.

"हाच," ती म्हणाली. "आज बसवा."

"आज कसा? माप घ्यायचं, कापायचं. आठ दिवस."

"आठ दिवस ते राहणार नाहीत."

पडदेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग स्टूल घेतलं आणि दुकानातला नमुनाच उतरवायला लागला. "लांबीला जास्त होईल. उद्या बसवतो," एवढंच म्हणाला.

सोमवारी दुपारी तीनला पडदा बसला. वहिनी पुलाच्या जिन्याने वर गेली आणि कठड्याशी उभी राहून आपली खिडकी पाहिली. काही दिसत नव्हतं. घरी येऊन तिने ते तीनदा सांगितलं. "मी स्वतः बघून आले. तुम्हाला सगळं दिसतं, त्यांना काही नाही." उस्ताद ऐकत होते. पाच वाजता भाताचा एक चमचा त्यांनी तोंडात घेतला आणि गिळला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

सात वाजता डॉक्टर आले. तो एक चमचा त्यांच्या लेखी जमेत नव्हता. "गुरुवारी सकाळी दहापर्यंत वाट बघू. नाहीतर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल." मागच्या खेपेला दवाखान्यातून ते पाठीला जखमा घेऊन आले होते. त्या भरायला चार महिने लागले. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं, म्हणून ते दारात जरा रेंगाळले.

मंगळवारी साडेसहाला सिस्टर आली. आठला तिची दवाखान्यातली ड्यूटी असते, त्यामुळे अंग पुसायची वेळ हलत नव्हती. तिने दिवा लावला, पाणी घेतलं. उस्तादांनी डावा हात उचलला आणि दिव्याकडे बोट केलं. सिस्टरने पाहिलं, वहिनीने पाहिलं. दिवा चालू होता. बोट तसंच. सहा चाळीसला बस आली, थांबली, गेली. बोट खाली आलं. त्यानंतर दिवसभर एक चमचाही नाही.

"उजेड कमी पडतोय त्यांना. जाळीने अंधारल्यासारखं होतं ना," सिस्टर म्हणाली.

वहिनीला पटलं. संध्याकाळी तिने दुप्पट उजेडाचा दिवा आणून लावला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. बुधवारी पहाटेपासून पाण्यालाही तोंड उघडेनात.

बुधवारी सकाळी सहा वीसला वहिनी सिस्टरला म्हणाली, "तू नेहमीसारखं कर. मी आलेच." ती स्वेटर घालून मागच्या थांब्यावर गेली. बस आली. पुढच्या दारातून चढून ती थेट ड्रायव्हरशेजारी जाऊन उभी राहिली.

"वहिनी? तुम्ही?" बारकूने ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"चला पुढे. सिग्नलला थांबा."

"हिरवा असला तर?"

"तरी थांबा."

"मागचे आईबाप काढतील."

"काढू देत."

सिग्नल लालच होता. बस थांबली. बारकूने सवयीने नजर समोर लावली.

"आज बघा," वहिनी म्हणाली.

"नको वहिनी. मी बघत नाही, शपथ घेतो."

"मी सांगते ना. बघा."

दोघांनी पाहिलं. मध्ये जेमतेम वीस फूट अंतर. अंधाऱ्या भिंतीत एकच खिडकी लख्ख होती. जाळीचा पडदा असून नसल्यासारखा. सिस्टरचे हात, वाटी, टॉवेल, उस्तादांची उघडी पाठ, पाठीवरचे जुन्या जखमांचे वण, सगळं दिसत होतं. मागच्या बाकांवर कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. मग सिस्टरने त्यांना उताणं केलं आणि डावा हात वर आला. बोट दिव्याकडे.

"दिवा मोठा लावला का हो?" बारकूने हळू विचारलं.

वहिनी त्याच्या केबिनकडे बघत होती. मागे प्रवाशांकडे दिवे होते, ड्रायव्हरच्या पाठीशी काळा पडदा होता, पण केबिनमध्ये मिट्ट काळोख होता.

"इथे दिवा नाही?"

"आहे की. लावायचा नाही. लावला की काचेत आपलंच थोबाड दिसतं, बाहेरचं काही दिसत नाही. आणि बाहेरच्याला आपण दिसतो, दुकानात मांडल्यासारखे." त्याने बंद बटणावर बोट ठेवलं. "पहिल्याच दिवशी त्यांनीच शिकवलं. मी लावला होता, तर हातावर चापट मारली होती."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. बारकूने गाडी हलवली नाही.

"सहा दिवस," वहिनी म्हणाली. तिने दाराचा दांडा धरला. मग म्हणाली, "मला उतरवा."

"इथे पुलावर? वहिनी, इथे थांबा नाही."

"उतरवा."

घरी पोचली तोवर उजाडलं होतं. सिस्टरचं काम आटोपलं होतं. वहिनीने बटण बंद केलं, पलंगाशी बसली आणि म्हणाली, "तुम्ही बंद करा म्हणत होतात. मी मोठा आणला." उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दिवसभर ओठ मिटलेले. वहिनीने मोजलेली नाडी ऐकून डॉक्टर फोनवर म्हणाले, गुरुवारी दहाला गाडी पाठवतो.

गुरुवारी सकाळी साडेसहाला सिस्टरने अंधारात, जिन्यातल्या उजेडाची चीर दारातून येईल तेवढ्यावर, हाताच्या अंदाजाने त्यांचं अंग पुसलं. सहा चाळीसला बस आली आणि सिग्नलला थांबली. बारकू या वेळी खिडकीकडे सरळ बघत होता, पण कुठे बघावं हे न कळणाऱ्या माणसासारखा. त्याची नजर खिडकीवरून फिरली आणि पुढे गेली. उस्तादांनी ती जाताना पाहिली.

सात वाजता वहिनीने भाताची वाटी घेतली. सव्वासातला चमचा त्यांच्या ओठांना टेकलेला होता. तिने हात हलवला नव्हता, त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं. सातची बस पंधरा मिनिटं उशिरा आली, तिच्यामागोमाग दुसरी येऊन थांबली, आणि त्यांचं डावं बोट उशाशी लावलेल्या वेळापत्रकातल्या सातच्या ओळीवर होतं.